‘दिशाभूल’ या शब्दाबद्दल

नमस्कार. समांतर तारांभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: ‘दोन क्षेत्रांची सरळ बेरीज-वजाबाकी करून चालत नाही, घटक पाडावे लागतात. हे न सांगणं म्हणजे विद्यार्थ्यांची दिशाभूल.’ (घटक पाडणं म्हणजे तिरकं क्षेत्र एकमेकांना लंब अशा दोन दिशांत विभागणं.) याशिवाय म्यू नॉटची (क्षेत्राच्या सूत्रातला μ₀ हा चुंबकीय स्थिरांक) किंमत आणि तार अनंत लांब धरणं, असे आणखी दोन आक्षेप आहेत.

म्यू नॉटचं आधी कबूल करतो. 4π × 10⁻⁷ ही किंमत ‘अचूक’ आहे असं मी लिहिलं, ते 20 मे 2019 पासून खरं नाही. आता ती मोजून ठरते. फरक अब्जात एक भागही नाही, तरी शब्द चुकलाच. लेखात बदलला आहे.

पण दिशाभूल? चूक दाखवा, मी ऐकून घेईन. हा शब्द मात्र हेतूवर बोट ठेवतो, आणि लेख नीट न वाचता तो वापरणं मला पटलेलं नाही.

दोन्ही तारांना काटकोनात छेदणाऱ्या रेषेवरचेच बिंदू घेतोय, हे लेखाच्या दुसऱ्याच ओळीत आहे. त्या रेषेवर दोन्ही क्षेत्रं तारांच्या प्रतलाला लंब असतात, म्हणजे एकाच सरळ रेषेत. तिथे घटक पाडायला उरतं काय? 10 सेंमी अंतरावरच्या दोन तारांतून प्रत्येकी 10 अँपिअर प्रवाह एकाच दिशेने जात असेल, तर मधोमध 40 मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) वर, 40 खाली, बेरीज शून्य. एका तारेतला प्रवाह उलटा करा, 80. ही सदिश बेरीजच आहे, म्हणजे दिशा धरून केलेली. ती अधिक-उणे चिन्हांनी केली म्हणून खोटी ठरत नाही.

हे मी आज पुस्तक उघडून सांगत नाही. बारावीच्या परीक्षेत याच गणितात प्रवाह विरुद्ध दिशेचे होते आणि मी वजाबाकी करून शून्य लिहून आलो. सूत्र तोंडपाठ होतं, हात मात्र एकदाही उचलला नव्हता. पुढे एकोणीस वर्षं शिकवताना मी प्रत्येक वर्गाला सूत्राआधी उजवा हात वर करायला लावला: अंगठा प्रवाहाकडे, बोटं वळतील तिकडे क्षेत्र. घटक त्यानंतर. हा क्रम मी विचार करून ठरवला आहे, आणि मुलांना तो समजतो हे डोळ्यांनी पाहिलं आहे. तुम्ही किती वर्गांना शिकवलं आहे, हे मला ठाऊक नाही.

रेषेबाहेरचा बिंदू घेतला तर तुमचं म्हणणं बरोबर, हे मी कुठे नाकारतो? दोन्ही तारांपासून 10 सेंमीवरचा बिंदू घ्या. प्रत्येकीचं क्षेत्र 20 मायक्रोटेस्ला, पण एका दिशेच्या प्रवाहांसाठी दोघांत 60 अंशांचा कोन, म्हणून 40 नव्हे, सुमारे 34.6; विरुद्ध प्रवाहांसाठी कोन 120 अंशांचा, म्हणून 20. पण तो पुढच्या लेखाचा विषय. पहिल्याच पानावर सगळं का नाही, असं विचारणाऱ्याला शिकवण्याचा क्रम कसा समजावायचा?

अनंत लांबीबद्दल बोलत नाही. ते गृहीतक बहुतेक पाठ्यपुस्तकांत असतं.

पुढच्या लेखात घटकांचं गणित सविस्तर येईल. त्यात काही चुकलं तर जरूर लिहा. तोवर ‘दिशाभूल’ हा शब्द तुम्ही मागे घ्यावा, एवढीच अपेक्षा आहे.