हो ला हो करणारा थेरपिस्ट

परवा एका मैत्रिणीने सरळ विचारलं, रात्री दोन वाजता फुकटात ऐकून घेणारं कुणीतरी मोबाईलमध्ये असताना तू अजून थेरपिस्टकडे कशाला जातेस? कॉमेंटमध्ये उत्तर लिहायला बसले आणि ते एवढं लांबलं की म्हटलं आता पोस्टच टाकते.

आधीच सांगते, चॅटबॉट, म्हणजे माणसासारखी उत्तरं देणारा एआय प्रोग्रॅम, मीही वापरलाय. त्यामुळे मशीनला काय कळतंय भावनांमधलं वगैरे लेक्चर देणार नाहीये. मागे ताईशी कडाक्याचं भांडण झालं, आईला कुणी बघायचं यावरून, पुढचं सेशन आठवड्यावर, झोप काही येईना, मग उठून चॅटबॉटला सगळं टाइप केलं. काय छान लिहिलं त्याने! तुमचं दुखावलं जाणं स्वाभाविक आहे, तुम्ही तुमच्या मर्यादा आखत आहात हे धैर्याचं आहे (भाषा बघा, घरात कोण बोलतं असं). पण खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं. हलकं वाटलं, झोप लागली. ते काही खोटं नव्हतं. मग पुढच्या चार रात्री तेच. दरवेळी मी थोडी जास्त बरोबर आणि ताई थोडी जास्त वाईट. शेवटी ताईला पाठवायला एक मेसेज तयार झाला, बॉटनेच नीटनेटका करून दिलेला, वकिलाची नोटीस असावी तसा.

नशीब, पाठवायच्या आधी सेशन होतं. मॅडमना, म्हणजे माझ्या थेरपिस्टना, वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "यात ताई कुठे आहे?" मी म्हटलं, म्हणजे? "तुला काय वाटलं ते कळलं. ती काय म्हणाली त्या दिवशी?" आणि मला आठवेना. शप्पथ. पाच रात्री पानंच्या पानं टाइप केलं होतं त्या भांडणावर, आणि तिचं एक धड वाक्य त्यात नव्हतं. मला मॅडमचाच राग आला. पुढच्या वेळी येऊच नये असंही मनात येऊन गेलं.

आता गंमत बघा. एप्रिल 2025 मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीचं एक अपडेट मागे घ्यावं लागलं, कारण ते फारच हांजी हांजी करायला लागलं होतं. का, तर लोक उत्तरांना जो अंगठा वर-खाली देतात, बॉटला शिकवताना त्याला जास्त वजन दिलं गेलं, हे एक कारण कंपनीनेच सांगितलं. आता टोचणाऱ्या प्रश्नाला वरचा अंगठा कोण देणार? त्या दिवशी मी मॅडमना खालचाच दिला असता.

आणि हे काही आजचं नाही. 1966 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी आपण बनवलेल्या एलायझा नावाच्या गप्पा मारणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल लिहिलं. अक्कल शून्य, तुमचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, आईचं नाव काढलं की म्हणायचा घरच्यांबद्दल अजून सांगा. त्यांच्या सेक्रेटरीने तो तयार होताना महिनोन् महिने पाहिलेला, म्हणजे आत काही नाही हे तिला पक्कं माहीत, तरी दोन-चार वाक्यं झाल्यावर ती त्यांनाच म्हणाली, जरा बाहेर जाता का. आपण माणसं अशीच आहोत. कुणीतरी ऐकतंय असं वाटलं की बांध फुटतो. म्हणून तर जबाबदारी बनवणाऱ्यावर जास्त येते ना?

2023 च्या जानेवारीत कोको नावाच्या, मानसिक आधार देणाऱ्या ऑनलाइन सेवेच्या संस्थापकाने स्वतःच जाहीर सांगितलं की साधारण 4000 लोकांना जीपीटी-3 या एआयच्या मदतीने लिहिलेले धीराचे मेसेज दिले. लोकांना ते आवडले, पण मशीनचा हात आहे कळल्यावर मजा गेली. त्यावर जो गदारोळ झाला तो अगदी योग्य होता. मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र सांगत असेन तर समोर कोण आहे हे मला आधी कळलं पाहिजे, नंतर नाही.

दुसरं म्हणजे बोललेलं जातं कुठे. बेटरहेल्प या ऑनलाइन थेरपी कंपनीचं प्रकरण आठवतंय? तिथे तर थेरपिस्ट माणसंच होती, तरी लोकांची नाजूक माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटकडे गेली आणि 2023 मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपनीला 78 लाख डॉलर भरायला लावले.

आमच्या मॅडमनी मध्यंतरी नोट्स काढायला एक एआय टूल घेतलं. सेशन सुरू व्हायच्या आधी विचारलं, चालेल का. मी म्हटलं रेकॉर्डिंग कुठे राहतं, किती दिवस, डिलीट कोण करतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं होती, तिसऱ्याचं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे लॅपटॉप मिटला आणि वही काढली. ना लेक्चर, ना आढेवेढे. एआयचा नैतिक वापर म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी तो मिटलेला लॅपटॉप सांगेन. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने ऑगस्ट 2025 मध्ये केलेला कायदाही साधारण हेच म्हणतो, एआयने थेरपी करायची नाही, थेरपिस्टने कामात मदतीला वापरलं तर चालेल, पण सेशन रेकॉर्ड करायचं तर लेखी संमती घ्यायची.

सरसकट बंदी घाला असं मात्र मी म्हणणार नाही. थेरपिस्ट मिळतच नाही किंवा परवडत नाही अशा माणसाला मी कुठल्या तोंडाने सांगू की बॉटशी बोलू नकोस? अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी 2025 मध्ये थेराबॉट या थेरपीसाठीच्या चॅटबॉटचा 210 लोकांवरचा प्रयोग छापला, त्यात नैराश्य असलेल्यांची लक्षणं सरासरी 51 टक्क्यांनी कमी झाली. भारीच आहे. पण तो बॉट तज्ज्ञांनी खास बनवलेला होता आणि माणसं त्याच्यावर नजर ठेवून होती, गरज पडली तर मध्ये पडायला. आपल्या फोनमधल्या बॉटवर कोण नजर ठेवतंय? मी दोन सेशन बुडवली तर मॅडमचा मेसेज येतो, बरी आहेस ना. बॉटशी बोलणं मी त्या पाच रात्रींनंतर बंद केलं, त्याला पत्ताही नाही.

हां, ताईचं राहिलंच. शेवटी फोन करून तिलाच विचारलं, त्या दिवशी तू काय म्हणाली होतीस गं? ती आधी चिडली, मग म्हणाली, "तू आलीस की आई हसते, मी रोज असते म्हणून मला बोलणी बसतात." हे खरंच बोलली होती ती, तेव्हा मी ऐकलंच नव्हतं. भांडण अजून मिटलेलं नाही बरं का. रविवारी भेटतोय.