'एसीत बसून लिहिणाऱ्यांना काय कळणार?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

'एक वाचक' साहेब,

मराठवाड्यात एमडी-एमएसच्या (एमबीबीएसनंतर तज्ज्ञ डॉक्टर होण्याच्या शिक्षणाच्या) जागा वाढवा, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "एसीत बसून लिहिणाऱ्यांना काय कळणार? एका जागेला दीड कोटी ओतायचे आणि पोरगं पुण्याला पळणार. शिवाय प्राध्यापकांची पदं रिकामी, त्यांचे पगार कोण देणार?"

आधी एसीचं बघू. माझं गाव केज तालुक्यातलं. मे महिन्यात आमच्याकडे कूलरमध्ये ओतायला पाणी नसतं, एसी कुठून काढलात? वडिलांचं आतडं फुटलं तेव्हा एका दवाखान्यात (नाव घेत नाही) सर्जन हजर, टेबल तयार, आणि भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या गावी केसवर. रात्री जीपमध्ये मागच्या सीटवर सलाईनची बाटली हातात उंच धरून बसलो होतो. हात भरून आला की हात बदलायचा, तोवर नळीत रक्त उलटं चढायचं. भूलतज्ज्ञाची एक जागा म्हणजे काय, हे मला कुणी हिशेब मांडून सांगायची गरज नाही. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं, ठीक. पण मग माणसाने जरा जपून बोलावं.

आता दीड कोटी. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरकारी संस्थांतल्या 5,000 पदव्युत्तर, म्हणजे याच एमडी-एमएससारख्या, जागांना मंजुरी दिली, त्यातली ही दर जागेमागच्या खर्चाची कमाल मर्यादा. ती पोराच्या खिशात जात नाही. त्यातून इमारत होते, यंत्रं येतात. पोरगं पुण्याला गेलं तरी अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात बसवलेलं यंत्र काही त्याच्या मागे एसटीत चढत नाही. आणि जाण्याआधी तीन वर्षं वॉर्ड कोण ओढतं? संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात रात्री दोनला अपघाताची केस आली की आधी निवासी डॉक्टरच, म्हणजे एमडी-एमएस शिकणारं हेच पोरगं, धावतं. वर शिकून झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा करण्याचा बाँड आहेच. तो मोडून पैसे भरणारेही असतात, पण त्यांचं खापर माझ्यावर का?

एक मान्य. लेखात सगळे आकडे एकाच परिच्छेदात कोंबले होते, वाचायला जड गेले असतील.

पदं आणि पगार हा सरकारचा प्रश्न, लेखाचा विषय तो नव्हता. त्यावर पुन्हा कधीतरी.

आणि हो, पुण्याचा एवढा राग आहे म्हणून विचारतो, तुम्ही स्वतः कुठून लिहिताय? पत्ता नको, नुसतं गाव सांगा.