धुऱ्यावरचा पोल

बी.एस्सी. फायनलला दोन गोष्टी एकदमच अंगावर आल्या. कॉलेजात कॉम्प्लेक्स ॲनालिसिस लागलं आणि वावरात हरभऱ्याला रातची लाइन. लाइनीचं तरी बरं, एक हप्ता दिवसा, एक हप्ता रात्री. कॉम्प्लेक्सला अशी पाळी नव्हती, ते चोवीस तास कळत नव्हतं.

बाबांना म्हटलं, "कॉम्प्लेक्सचा पेपर लय कठीण हाय." ते म्हणाले, "त्यात काय कठीण? दहा नत्र, सव्वीस स्फुरद, सव्वीस पालाश. गोणीवर लिवलं असते." खताच्या दुकानात कॉम्प्लेक्स म्हणजे 10:26:26, त्यांचं चुकलं नव्हतं. मग मी संमिश्र संख्या समजावायला बसलो. एक भाग खरा, एक भाग काल्पनिक. बाबांना दोन मिनिटांत समजलं. "मंजे सोयाबीनचा भाव. मोबाइलवर येते तो काल्पनिक, अडत्या देते तो खरा." मला हे समजायला दीड महिना लागला होता.

जागलीला जाताना मी वही सोबत न्यायचो. एका हातात टॉर्च, एका हातात वही, अंगावर घोंगडं, आणि पलीकडच्या तुरीत रोह्यांची खसफस. स्प्रिंकलरचे पाइप उचलून पुढच्या ओळीत टाकले की अर्धा-पाऊण तास मोकळा. पण पहाटेचा हरभरा म्हणजे आंब, पानांवरचं आंबट दव. पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली, हात आंबट. तोच हात वहीवर फिरला आणि कोशी-रीमन या गणितज्ञांच्या दुसऱ्या समीकरणातलं वजाचं चिन्ह पुसून गेलं. मी ते तसंच पाठ केलं. टेस्टमध्ये सरांनी पेपरवर लाल गोल करून लिहिलं, ‘वजा कुठे गेला?’ हरभऱ्यानं खाल्ला, असं उत्तर विज्ञान शाखेत चालत नाही.

एका रात्री मोटर नुसतीच गुरगुरली, फिरेचना. वायरमनभाऊ आले. "एक फेज गेली," म्हणाले. मला वाटलं, इथं आपलं शिक्षण कामी येते. तीन फेज एकमेकींपासून 120 अंशांवर असतात, 1 ची तीन घनमुळंही नेमकी तशीच वर्तुळावर बसलेली असतात, आणि तिघांची बेरीज शून्य. स्टाइनमेट्झ नावाच्या इंजिनिअरनं 1893 मध्ये एसी करंटचं सगळं गणित या संमिश्र संख्यांवरच आणून ठेवलं. वायरमनभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि फ्यूज बसवता बसवता म्हणाले, "बेरीज झिरो हाय न? मंग लाव हात."

कोशीचं प्रमेय मी घरी मोठ्यानं घोकत होतो. बंद वाटेवरून पूर्ण फेरा मारला आणि आत कुठं बिघाड नसला, तर सगळी बेरीज शून्य. ऑगस्तँ-लुई कोशी, 1825. आजी वाती वळत बसली होती. "काशीचा फेरा मारला का पाप शून्य, हे सांगाले मास्तर कायले पायजे?" मी म्हटलं, "आजी, काशी नाही, कोशी." ती म्हणाली, "तेच ते."

खरा घोळ पुढं होता. आतल्या बिघाडाचा एक प्रकार असतो, त्याला पोल म्हणतात. झेड ही संमिश्र संख्या धरली, तर एक भागिले झेडला शून्यापाशी असा पोल आहे. त्याभोवती घड्याळाच्या उलट, कितीही लांबून एक फेरा मारा, उत्तर टू पाय आय, आय म्हणजे उणे एकचं वर्गमूळ. हे मात्र मला वावरात उभ्या उभ्या समजलं, कारण आमच्या वावरातही पोल आहेत, लाइनीचे. वावरात काय पेरलं याच्याशी कोशीला घेणंदेणं नाही. धुऱ्याधुऱ्यानं फिरायचं आणि आत पोल किती, कसे, एवढंच पाहायचं. शेजारच्या वावरातला पोल मोजायचा नाही.

पण आमचा एक पोल बरोबर धुऱ्यावर आहे. पलीकडं काकाचं वावर. त्या पोलाच्या बुडाचं गाजरगवत कोणी काढायचं, यावर दोन्ही घरांत दर पावसाळ्यात अबोला. पुस्तकात याचंही उत्तर निघालं. वाटेवरच साधा पोल आला, तर त्याला अर्धवर्तुळानं वळसा घालायचा आणि तो अर्धा धरायचा. टू पाय आयच्या जागी पाय आय. आणि काटकोनाच्या कोपऱ्यावर असला, तर पाव. मी बाबांना सांगून बसलो. सांगायला नको होतं.

पेपरात साइन एक्स भागिले एक्स आला, उणे अनंतापासून अनंतापर्यंत. साइनच्या जागी ई टू द आय झेड घेतलं की शून्यापाशी पोल, नेमका धुऱ्यावर! मी डोळे मिटून काकाचं वावर आठवलं, वळसा घातला, अर्धा धरला, काल्पनिक भाग उचलला. उत्तर पाय. बरोबर निघालं.

घरी आलो तर पारावर माणसं जमलेली. बाबा काकाला सांगत होते, "अर्धं गवत तुयं, अर्धं मायं. अन् त्या चौफुलीच्या कोपऱ्यावरच्या पोलाचं चौघाइनं पाव-पाव काढाचं."

काका उसळले. "कोनाचा कायदा हाय हा?"

बाबांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं, नाव आठवायचा प्रयत्न केला आणि ठामपणे म्हणाले, "काशीचा."

काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि विळा आणायला घरात गेले.