फ्रेंचच्या वर्गाची पातळी निवडताना दहावीचे गुण बाजूला ठेवा

कॉलेजात किंवा विद्यापीठात फ्रेंचला प्रवेश घेताना दोन प्रश्न हमखास कानावर येतात. "शाळेत चार वर्षं फ्रेंच होतं, दहावीला ९५ पडले, तर थेट डिप्लोमाला बसू का?" आणि "येतंय सगळं, पण पहिल्यापासूनच बसतो, मार्क तरी पडतील." दोन्हीकडे पातळी ठरतेय ती गुणपत्रिकेवरून. माझं स्पष्ट मत आहे की गुणपत्रिका इथे निरुपयोगी आहे. आज, पुस्तक मिटून, किती ऐकून समजतं आणि किती बोलता येतं, यावरच वर्ग ठरवावा.

शाळेच्या लेखी परीक्षेत धडा ओळखीचा, प्रश्नांचे प्रकार ओळखीचे, तोंडीची उत्तरं पाठ. त्यातून व्याकरणाची ओळख पक्की होते, हे खरं. पण वर्गात शिक्षकांनी सहज वेगाने 'शे पा' म्हटलं, तर ते पुस्तकातलंच 'झ न से पा', म्हणजे 'मला माहीत नाही', हे कानाला उमगत नाही. मधे दोन वर्षं गेली असतील तर पहिला गंजतो तो कानच.

आता नावांचा घोळ. सर्टिफिकेट, डिप्लोमा, अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा ही नावं सगळीकडे सारखी, पण आतला मजकूर सारखा नसतो. त्यामुळे नावापेक्षा तास मोजा. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये मांडलेल्या भाषा-पातळ्यांच्या चौकटीत ए१ (अगदी सुरुवात) ते सी२ (सर्वांत वरची) अशा सहा पातळ्या आहेत. सुरुवातीपासून धरले तर ए१ ला साधारण ६० ते १०० तास, ए२ पर्यंत १६० ते २००, बी१ पर्यंत ३६० ते ४०० आणि बी२ पर्यंत ५६० ते ६५० तास शिकवणी लागते. आपल्याकडे एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास. म्हणजे दोन क्रेडिटचा 'फ्रेंच १' हा ३० तासांचा, अर्धा ए१. अशी दोन सत्रं करून कुणी 'माझं बेसिक झालं, आता बी१ द्या' म्हणत असेल तर हिशेब कुठे चुकतोय ते दिसतं. फ्रान्समध्ये फ्रेंच माध्यमातून पदवी घ्यायची तर बहुतेक ठिकाणी किमान बी२ मागतात. ए२ पासून तिथवर आणखी चारेकशे तास आहेत. सत्राला ६० तास मिळत असतील तर सहा-सात सत्रं. हे गणित पहिल्या वर्षीच मांडायला हवं.

डेल्फचं, म्हणजे फ्रान्स सरकारच्या फ्रेंच भाषेच्या परीक्षेचं, प्रमाणपत्र असेल तर नुसतं 'उत्तीर्ण' पाहून समाधान मानू नका. चार भाग, प्रत्येकी २५ गुण, उत्तीर्ण व्हायला एकूण ५० आणि प्रत्येक भागात किमान ५. समजा वाचनात २३, लेखनात २०, ऐकण्यात ६, बोलण्यात ७: बेरीज ५६, विद्यार्थी पास. पण ज्या वर्गात शिक्षक फ्रेंचमध्येच बोलतात तिथे हा विद्यार्थी दुसऱ्या आठवड्यात गप्प होतो. शिवाय हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, भाषा मात्र तशी टिकत नाही. तारीखही बघा.

घरी तासाभरात स्वतःला तपासता येतं.

आधी लेखन. शब्दकोश न उघडता २० मिनिटांत 'गेल्या रविवारी काय केलं आणि लहानपणी रविवार कसा असायचा' हे लिहा. पहिल्या भागाला 'पासे काँपोझे' (घडून गेलेल्या गोष्टीचा भूतकाळ) लागतो, दुसऱ्याला 'अँपार्फे' (नेहमी घडायचं त्याचा भूतकाळ). दोन्हींची सरमिसळ होत असेल तर बी१ चा वर्ग घाईचा ठरेल. 'पासे काँपोझे'त 'जाणे'ला 'असणे'चं सहायक क्रियापद लावायचं सोडून 'जवळ असणे'चं लावलं असेल, तर ए२ च पक्कं करायचं राहिलंय. हे मराठी माणसाला खरं तर सोपं जायला हवं. 'तो गेला, ती गेली' असा कर्त्याप्रमाणे बदल आपण जन्मापासून करतो, आणि 'एल ए आले'च्या, म्हणजे 'ती गेली'च्या, शेवटी स्त्रीलिंगी 'ई' वाढतो तो त्याच जातीचा. इंग्रजीवरून फ्रेंच शिकवल्यामुळे ही जवळीक वाया जाते, याचं वाईट वाटतं.

मग ऐकणं. टीव्ही५मोंद या फ्रेंच वाहिनीच्या, शिकणाऱ्यांसाठीच्या संकेतस्थळावर ए१ ते बी२ असे पातळीनुसार स्वाध्याय आहेत, फुकट. आर.एफ.आय. रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्रही ऐका. कोण, कुठे, काय झालं हे दोनदा ऐकून चार-पाच बातम्यांबद्दल सांगता आलं तर बी१ चा विचार करा. आकडे वेगळे तपासा, कारण पुष्कळ जण तिथेच अडकतात. ७५ म्हणजे साठ-पंधरा, ९२ म्हणजे चार-विसा-बारा. गावाकडची जुनी माणसं विसांत मोजायची, तशीच ही मोजणी. फोन नंबर एकदा ऐकून लिहून घेता येत नसेल तर कान अजून ए१ वर आहे.

शेवटी बोलणं. मोबाइलवर दोन मिनिटं, न थांबता, न वाचता, रेकॉर्ड करा. आपले 'त' आणि 'द' फ्रेंचशी जुळतात, 'ट-ड'कडे वळू नका. चुकतं ते ओठांचा चंबू करून म्हणायच्या 'यु'मध्ये: 'दस्यु' म्हणजे वर आणि 'दसू' म्हणजे खाली. अनुनासिकांतही चुकतं: 'पॅं' पाव, 'पों' पूल. मात्र उच्चार सदोष असला म्हणून पातळी खाली आणू नका. वाक्य जुळायला दर वेळी दहा सेकंद लागत असतील, तर आणा.

चार कौशल्यांची सरासरी काढू नका. वाचन बी१ आणि बोलणं ए१ पर्यंतच आलं असेल तर बोलण्यावरून ठरवा, म्हणजे ए१ च्या पुढच्या ए२ ला बसा. त्या वर्गाच्या पुस्तकाचा मधला धडा उघडा. पानावर पाच-दहा शब्द नवे असतील तर वर्ग बरोबर, वीसच्या पुढे गेले तर जड, एकही नसेल तर तुम्ही चुकीच्या खोलीत आहात.

ही शेवटची चूक मला सर्वांत जास्त खटकते. चार वर्षं शिकलेली मुलं गुणांसाठी नवख्यांच्या वर्गात बसतात, प्रश्न संपायच्या आत उत्तर देतात, शिक्षकांना वाटतं वर्गाला समजलं, आणि धडा पुढे सरकतो. तालुक्याच्या मराठी शाळेतून आलेली, फ्रेंच अक्षर पहिल्यांदाच पाहणारी मुलगी महिन्याभरात मान खाली घालून बसते. तिला भाषा अवघड नसते, तिच्यासाठीचा वर्ग दुसऱ्यांनी व्यापलेला असतो. विभागांनी प्रवेशाच्या दिवशी दहा मिनिटांचं तोंडी संभाषण घ्यावं आणि आधी शिकलेल्यांची तुकडी वेगळी करावी. एकच शिक्षक असेल तर निदान मूल्यमापनाचं काम तरी वेगळं द्यावं.

वर्ग बदलायचा असेल तर पहिल्या दोन आठवड्यांतच बोला, नंतर हजेरी आणि अंतर्गत गुण आड येतात. शिक्षकांकडे जाताना गुणपत्रिकेऐवजी तो वीस मिनिटांचा कागद आणि ते दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग न्या. "मी अमुक वर्षं शिकले, अमुक वर्षं सुटलं, वाचता येतं, बोलता येत नाही" एवढं सांगा. अनुभवी शिक्षकाला वर्ग ठरवायला तेवढं पुरतं.