करंगळी ते मेंदू, मार्गे दिवाण

माणसाच्या मेंदूत सुमारे 8600 कोटी चेतापेशी असतात म्हणे. त्यातल्या एकीलाही आमच्या हॉलमधल्या दिवाणाचा पाय नेमका कुठे आहे हे ठाऊक नाही. दिवाण आमच्या लग्नातला. तेव्हापासून तो जागचा हललेला नाही. तरी रात्री पाणी प्यायला उठलं की माझ्या उजव्या पायाची करंगळी त्याला गाठतेच. बाकीची चार बोटं शहाण्यासारखी बाजूने निघून जातात.

कन्येने अकरावीला मानसशास्त्र घेतल्यापासून या प्रकाराला घरात शैक्षणिक मूल्य आलंय. पूर्वी मी ओरडलो की "लाईट लावायला काय होतं?" एवढंच ऐकू यायचं. आता कन्या वही घेऊन बाहेर येते.

"बाबा, आधी दुखलं की आधी पाय उचललात?"

आधी पायच उचलला जातो. तो निर्णय मज्जारज्जू परस्पर घेऊन टाकतो, मेंदूला मागाहून कळवतो. शिवाय एक पाय वर गेला की दुसरा आपोआप ताठ होतो, नाहीतर माणूस आडवाच व्हायचा. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने असल्या प्रतिक्षिप्त क्रियांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि 1932 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. थोडक्यात, मध्यरात्री बनियनवर एका पायावर नाचणारा गृहस्थ दिसला तर घाबरू नये, त्याची चेतासंस्था ठणठणीत आहे.

खरा छळ यापुढे. आपटल्याचं लगेच कळतं, कारण स्पर्शाची बातमी नेणारे तंतू जाड, वर मायलिनचं वेष्टण, वेग ताशी 200 किलोमीटरच्या आसपास. पाठोपाठ एक तीक्ष्ण कळ येते. आणि मग काहीच नाही. ठणका आणणारे तंतू बारीक आणि बिनवेष्टणाचे. ते सेकंदाला जेमतेम 1 मीटर जातात, म्हणजे ठणका चक्क चालत येतो. कंबरेपर्यंत पोचायलाच त्याला सेकंदभर लागतो. तेवढ्यात मन म्हणतं, "फार नाही लागलं वाटतं." मी दर वेळी विश्वास ठेवतो. उंच माणसांना हा सेकंद अंमळ मोठा मिळत असणार, पण त्यांचा हेवा करावा की कीव, हे मला ठरवता आलेलं नाही.

इतकं दुखतं त्या अर्थी मेंदूत करंगळीचं बरंच वजन असेल, अशी माझी समजूत होती. कन्येने पुस्तकातला नकाशा उघडून दाखवला. माँट्रियलचे सर्जन वाइल्डर पेनफील्ड रुग्ण जागा असतानाच त्याच्या उघड्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करत आणि "कुठे जाणवलं?" असं विचारत. रुग्ण निवांत उत्तर देई, कारण मेंदूला स्वतःला दुखतच नाही. सगळ्यांची दुखणी मंजूर करणारा साहेब आणि त्याच्या एकट्याच्या केबिनला एसी! त्या नकाशात ओठ, जीभ, हाताचा अंगठा यांनी ऐसपैस जागा बळकावलीय. पायाची बोटं मेंदूच्या दोन अर्धगोलांमधल्या खाचेत कोंबलेली. त्यांच्या शेजारी कोणता अवयव राहतो ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि कन्येला झोपायला पाठवलं.

ती गेली नाही, कारण तोवर आई आली होती. मी "आई गं!" म्हणून ओरडतो आणि आई घरातच असल्यामुळे ती येते. तेलाची वाटी घेऊन चोळायला बसते.

"आजी, याला गेट कंट्रोल म्हणतात. चोळलं की स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतलं दार अडवतात, मग दुखणं वर जात नाही. मेलझॅक आणि वॉल, 1965."

"हे कळायला त्यांना 1965 उजाडलं होय?" आई चोळता चोळता म्हणाली.

कन्या थांबेना. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात 2009 साली विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात बुडवायला लावले होते. साधा शब्द घोकताना ते जितके टिकले, त्याहून जास्त वेळ शिवी घोकताना टिकले. "म्हणजे बाबांनी 'आई गं'च्या ऐवजी..."

"देऊन तर बघू दे," आईने वाटी खाली ठेवली.

पुढच्या एका प्रयोगात असंही निघालं की उठताबसता शिव्या देणाऱ्यांना हा आराम कमी मिळतो. मी रोज सिंहगड रोडने स्कूटरवर ऑफिसला जातो, तेव्हा माझा प्रश्न तिथेच मिटला. बायकोचं तसं नाही. ती उलट्या बाजूने अंगावर येणाऱ्यालाही "अहो दादा, जरा बघून" म्हणते.

परवा रात्री वीज गेली. मेणबत्ती शोधायला बायको उठली. धप्प आवाज झाला, मग तो सेकंद गेला, आणि मग तिच्या तोंडून जो शब्द निघाला तो सिंहगड रोडवरसुद्धा मी फार क्वचित ऐकलाय. आतल्या खोलीत आईचं नामस्मरण एकदम मोठ्याने सुरू झालं.

कन्या मोबाईलचा टॉर्च लावून धावत आली. "आई, कमी दुखतंय का गं?"

बायकोने क्षणभर विचार केला.

"हो गं," ती म्हणाली. "चांगलंच कमी."