योजना भरपूर आहेत, घरापर्यंत किती येतात ते बोला

‘सरकार फौजीसाठी काही करत नाही’ हे वाक्य पारावर, लग्नात, कॅन्टीनच्या रांगेत, कुठंही ऐकू येतं. मला ते पटत नाही. मी पलटणीत क्लार्क होतो, आयुष्य कागदांत गेलं आणि पेन्शनीत आल्यावर पुन्हा कागदांतच अडकलो. आमच्या भागातल्या माजी सैनिकांचे आणि त्यांच्या घरच्यांचे अर्ज भरून देणं हा आता माझा उद्योग आहे, फुकटचा. तेव्हा जे लिहितोय ते फायली चाळून लिहितोय. महाराष्ट्रात माजी सैनिकांसाठी योजना कमी नाहीत. पण ज्याला गरज जास्त, त्याच्या घरी त्या सगळ्यात शेवटी पोचतात, आणि बऱ्याचदा पोचतच नाहीत. माझा राग त्यावर आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. पेन्शन, ईसीएचएस (माजी सैनिकांची दवाखान्याची योजना), कॅन्टीन, वन रँक वन पेन्शन (हुद्दा आणि सेवा सारखी तर पेन्शनही सारखी) हे सगळं केंद्राचं. दिल्लीच्या केंद्रीय सैनिक बोर्डाकडून हवालदारापर्यंतच्या गरजू माजी सैनिकांना मुलांच्या शिक्षणासाठी, मुलीच्या लग्नासाठी मदत मिळते, आणि पासष्ट वर्षांपुढच्या, पेन्शन नसलेल्या म्हाताऱ्यांना दरमहा अनुदान मिळतं, तेही केंद्राचंच. (हे अनुदान ४,००० रुपये होतं, १ नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० झालं. गावात पेन्शन न मिळता सुटून आलेला कोणी म्हातारा फौजी किंवा त्याची विधवा असेल तर आजच विचारा.) राज्याचं खातं वेगळं. पुण्याला सैनिक कल्याण विभाग, आणि त्याच्या हाताखाली जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. केंद्राच्या त्या मदतीचा अर्जसुद्धा याच कार्यालयाच्या शिफारशीनं पुढं जातो. म्हणजे तुमचा डिस्चार्ज झाल्यावर पहिली खेप बँकेत, आणि दुसरी याच कार्यालयात. बरेच जण ही दुसरी खेप घालतच नाहीत. नाव नोंदवलेलं नाही, माजी सैनिकाचं ओळखपत्र काढलेलं नाही, आणि पंधरा वर्षांनी पोराच्या ॲडमिशनच्या आदल्या दिवशी फोन येतो, ‘मेजर, सर्टिफिकेट लागतंय.’

ॲडमिशनचं निघालंच आहे तर सांगतो. इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशात संरक्षण दलातल्यांच्या मुलांसाठी प्रत्येक कॉलेजात पाच टक्के जागा असतात, पण जास्तीत जास्त पाचच. महाराष्ट्राचा रहिवासी असलेल्या माजी सैनिकाचं मूल एका प्रकारात, नोकरीत असलेल्याचं दुसऱ्यात, बाहेरच्या राज्यातला पण इथं बदलून आलेल्याचं तिसऱ्यात. फॉर्म भरताना योग्य खूण केली नाही आणि दाखला वेळेत जोडला नाही तर जागा गेली, रडून उपयोग नाही. बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिकी मुलांची आणि मुलींची वसतिगृहं आहेत. शहरात खोलीचं भाडं काय झालंय ते बघता या वसतिगृहांना मी कुठल्याही रोख मदतीपेक्षा वरचा नंबर देतो.

आता घरपट्टी. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यानं माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका घराच्या मालमत्ता करातून सूट दिली. बाळासाहेब ठाकरे यांच्या नावानं ती सन्मान योजना आहे. शहरात आणि ग्रामपंचायतीतही. त्याआधी ही सवलत शौर्यपदक मिळालेल्यांसारख्या मोजक्यांना होती, साध्या शिपायाला नव्हती. निर्णय चांगला, माझी काही तक्रार नाही. पण गावात जाऊन बघा. ग्रामसेवक म्हणतो, ‘असं काही पत्र आमच्याकडं आलेलं नाही.’ आपण जीआरची झेरॉक्स ठेवतो. मग तो म्हणतो, ‘मासिक सभेत ठेवू.’ सभा होते, विषय राहून जातो, मार्चअखेर घरपट्टीचं बिल येतं आणि शेजारी बघत असताना वसुलीवाला दारात उभा राहतो. आमच्या ओळखीतल्या एका विधवा बाईनं तर लाजेखातर तीन वर्षांची घरपट्टी भरून टाकली. शंभर-दोनशे घरांच्या पंचायतीला ही माफी जड जात असेल, मान्य. पण मग शासनानं तो भार पंचायतीला भरून द्यावा, त्या बाईला सभेच्या तारखा कशाला मोजायला लावता? आणि एक बारीक गोष्ट, घरपट्टी माफ झाली म्हणजे पाणीपट्टीही माफ झाली असं नाही. त्यावरून भांडू नका, हरता.

नोकरीचं मोठं दुखणं. राज्य सरकारच्या गट क आणि गट ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. ऐकायला भरभक्कम. पण समांतर म्हणजे काय ते समजून घ्या. त्या त्या सामाजिक प्रवर्गात माजी सैनिक मिळाला नाही, की ती जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवाराला जाते. पुढच्या भरतीसाठी राखून ठेवली जात नाही. आणि माजी सैनिक का मिळत नाही? तो पस्तीस-चाळिशीत घरी येतो. वयात सवलत आहे, सेवेची वर्षं अधिक तीन, म्हणजे वयाचा अडथळा सहसा येत नाही. अडथळा येतो परीक्षेचा. सतरा वर्षं सियाचीन, राजौरी, तेजपूर केलेला माणूस दोन वर्षं पुण्याच्या अभ्यासिकेत बसलेल्या पोरांबरोबर पेपर सोडवतो, आणि किमान गुणांच्या खाली राहतो. पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर फौज पदवीच्या समकक्षतेचं प्रमाणपत्र देते, पण त्यानं बुद्धिमत्तेच्या प्रश्नांची गाळणी चुकत नाही. शेवटी तो कुठं दिसतो? बँकेच्या दारात बंदूक घेऊन, नाहीतर मेस्कोमार्फत कुठल्यातरी सरकारी आवारात सुरक्षा रक्षक म्हणून. मेस्को म्हणजे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ. त्या कामाला मी कमी लेखत नाही, माझ्याच कोर्सचे चार जण करतात. पण रेडिओ मेकॅनिक, सर्व्हेअर, नर्सिंग असिस्टंट, गाड्यांचा फिटर असे ट्रेड शिकून आलेल्या माणसांना राज्यानं गेटवर उभं करायचं, आणि तंत्रज्ञांच्या जागा रिकाम्या म्हणून बातम्या वाचायच्या, हा हिशोब मला कळलेला नाही. डिस्चार्जच्या एक वर्ष आधी युनिटमध्ये जाऊन ट्रेडनिहाय यादी घ्या, इथल्या विभागांना द्या, सेवेत असतानाच परीक्षेची तयारी करून घ्या. १५ टक्के आकडा तेवढाच राहू दे, तो भरून दाखवा.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते. विधवा.

आमच्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती, अजूनही काही घरांत आहे. माहेरची सुमन सासरी आली की शोभा. रेशन कार्डावर शोभा, शाळेच्या दाखल्यावर सुमन, आधारवर शोभा पण जन्मतारीख अंदाजे १ जून, आणि नवऱ्यानं युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर (घरच्यांची नावं फौजेच्या दप्तरात चढवायची नोंद) केली तेव्हा क्लार्कनं इंग्रजीत तिसरंच स्पेलिंग टाकलेलं. (क्लार्क लोकांबद्दल मला बोलायचा अधिकार आहे.) नवरा आहे तोपर्यंत कोणालाच काही फरक पडत नाही. तो गेला की दुसऱ्या महिन्यात बँक विचारते, पीपीओवरची (पेन्शन मंजुरीच्या कागदावरची) बाई ती तुम्हीच कशावरून? जुन्या पीपीओवर तर काही वेळा बायकोचं नावच नसतं. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, सरपंचाचा दाखला, जिल्हा सैनिक कार्यालयाचं पत्र, रेकॉर्ड ऑफिसला पोस्टानं फाईल. रेकॉर्ड ऑफिस कुणाचं बेळगावला, कुणाचं सागरला, कुणाचं त्याहून लांब. तोवर पेन्शन बंद. आणि हा कागद सुटेपर्यंत तिचं विधवा ओळखपत्र अडतं, ओळखपत्र नाही म्हणून घरपट्टीची सूट अडते, पोरीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो. एका चुकीच्या अक्षरामागं केंद्राच्या आणि राज्याच्या सगळ्या योजना रांगेत उभ्या.

मला सांगा, जिल्हा सैनिक कार्यालयाकडं नोंदणी आहे, ग्रामपंचायतीकडं मृत्यूची नोंद आहे, स्पर्शवर (फौजी पेन्शनच्या ऑनलाइन यंत्रणेवर) पेन्शनरचा डेटा आहे. हे तिन्ही एकमेकांशी बोलत का नाहीत? माजी सैनिकाच्या मृत्यूची नोंद झाली की पंधरा दिवसांत कल्याण संघटकानं त्या घरी जावं, सगळे फॉर्म तिथंच भरून घ्यावेत, अंगठा असेल तर अंगठा घ्यावा. कल्याण संघटक हे पद गावोगाव फिरण्यासाठीच आहे. जिल्ह्याला माणसं मोजकी, गावं शेकडो, त्यांना दोष देऊन काय करू? माणसं वाढवा. २०२२ मध्ये नगर जिल्ह्यात अमृत जवान सन्मान अभियान झालं, महसूल, पोलीस, पंचायत सगळे एका ठिकाणी बसून फौजींच्या घरची अडलेली कामं घेत होते. ते अभियानापुरतं का? दर महिन्याला तालुक्याला एक दिवस ठरवा.

शहिदांच्या कुटुंबांबद्दल वेगळं लिहिलं पाहिजे, इथं दोनच गोष्टी. राज्यानं २०१९ मध्ये त्यांची मदत २५ लाखांवरून १ कोटी केली, त्याआधी २०१८ मध्ये दोन हेक्टर शेतजमीन द्यायचं ठरवलं. पैसा बहुतेक मिळतो. जमीन मात्र कागदावर लवकर आणि मोजणीला उशिरा, कारण द्यायला वहितीयोग्य सरकारी जमीन आहे कुठं? आणि दुसरी गोष्ट रहिवासाची. मेजर अनुज सूद २ मे २०२० ला काश्मीरमधल्या हंदवाड्यात शहीद झाले, पुढं मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं. ते महाराष्ट्रात जन्मले नव्हते आणि सलग पंधरा वर्षं इथं राहिलेले नव्हते, म्हणून त्यांच्या पत्नीला राज्याची मदत नाकारली गेली. त्यांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. न्यायालयानं सरकारला चांगलंच सुनावलं, तेव्हा २०२४ मध्ये खास बाब म्हणून १ कोटी मंजूर झाले, ६० लाख पत्नीला आणि ४० लाख वडिलांना. रहिवासाची अट असूच नये असं मी म्हणत नाही, राज्याचा पैसा आहे. पण दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या माणसानं एका राज्यात सलग पंधरा वर्षं कशी काढायची? अट लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढं फौजी नव्हता, मंत्रालयातला बाबू होता.

आणि हो, अग्निवीर. २०२२ च्या योजनेत चारच वर्षांसाठी फौजेत घेतलेल्या पहिल्या तुकड्यांची मुदत संपत आलीय. चारातले तीन घरी येणार, पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. वरच्या सगळ्या योजनांत त्यांना कुठं धरायचं हे राज्यानं ती पोरं एसटीतून उतरायच्या आत ठरवावं. आमच्या सातारा, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात गावोगाव अशी पोरं आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, तिथं तर हा प्रश्न घरोघरी येणार.

फौजी भावांनो, तुमच्याकडूनही एक पाहिजे. डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि ओळखपत्र ट्रंकेत कुलूप लावून ठेवता आणि किल्ली स्वतःच्या करगोट्याला. बायकोला ती कागदं दाखवा. तिचं नाव, स्पेलिंग, जन्मतारीख आधारशी जुळते का बघा. जुळत नसेल तर दुरुस्तीचा अर्ज तुम्ही जिवंत असताना चार सह्यांत होतो, नंतर तिला तालुका-जिल्हा करत बसावं लागतं.

मला मेसेज करताना पीपीओचे फोटो कॉमेंटमध्ये टाकू नका, इनबॉक्समध्ये नुसतं तालुका आणि अडचण लिहा. यातल्या कुठल्याही योजनेचा अर्ज करून देतो म्हणून कोणी हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका, सरळ जिल्हा सैनिक कार्यालयात जा. जाताना डिस्चार्ज बुकच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स घ्या, फक्त पहिल्या पानाच्या नव्हे.