टाकी काठोकाठ भरलेली, तरी कॅप्सूलवालं कॉफी मशीन पाणी ओढत नाही!

कॅप्सूल घातली, दांडी खाली ओढली, बटण दाबलं, की आतून नुसता खडखडाट. नेहमीचा जड, दबका आवाज नाहीच, कोरडा आणि मोकळा आवाज. कपात थेंब नाही. थोड्या वेळाने दिवे लुकलुकतात आणि मशीन गप्प बसतं. टाकी काढा, परत लावा, प्लग काढा, परत लावा, पुन्हा तेच. सकाळी सातला, एकीकडे डबे भरायचे, दुसरीकडे ऑफिसची बस गाठायची, आणि त्यात हे. डोकं सणकतं अक्षरशः!

आणि राग कशाचा जास्त येतो सांगू? दुखणं एवढंसं असतं. पंपाने हवा धरलेली असते, बाकी काही नाही. गावाकडे विहिरीवरची मोटार अशीच हवा धरते. पाइपाच्या तळाची झडप, म्हणजे फूटव्हॉल्व, गळला, पाइपातलं पाणी उतरलं, की मोटार नुसती फिरते आणि पाणी येत नाही. मग शेतकरी शिव्या घालत का होईना, वरून पाणी ओतून मोटार भरतो आणि पाच मिनिटांत पाणी सुरू. शाळा न शिकलेल्या माणसालाही जे ठाऊक आहे, ते हजारो रुपयांचं मशीन विकणारी कंपनी गिऱ्हाइकाला सांगत नाही!

या मशीनच्या पोटात मुठीत मावेल एवढा पंप असतो. कॉइलच्या आत एक बारीक दट्ट्या मागे-पुढे हलतो, आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 50 वेळा. पाणी असलं की हाच पंप जबरदस्त दाब देतो, खोक्यावर ‘15 बार’, ‘19 बार’ असं ठळक छापतात ते त्याच्याच जोरावर. पण आत हवा शिरली की दट्ट्या तीच हवा दाबतो आणि सोडतो, झडप धड उघडत नाही, पाणी जागचं हलत नाही. टाकी एकदा कोरडी पडली, किंवा दिवाळीला आठवडाभर गावी जाऊन आलं, की हे होऊ शकतं. बनवणाऱ्यांना हे पक्कं माहीत आहे. मग पुस्तिकेत का नाही? ढीगभर परदेशी भाषांतली ती पुस्तिका, मराठी नाही, हिंदी नाही, आणि ‘पाणी येत नाही’ याच्यासमोर उपाय काय लिहिलाय? टाकीत पाणी असल्याची खात्री करा. अरे, टाकी पारदर्शक आहे! पाणी दिसतंय मला!

कस्टमर केअरला फोन लावला तर तिथला मुलगा विचारतो, “मॅडम, डिस्केलिंग केलंय का?” (म्हणजे आत साचलेला क्षार काढलाय का.) मी म्हटलं, अहो, मशीन पाणीच ओढत नाहीये, तर डिस्केलिंगचं पाणी आत जाणार कसं? पलीकडे शांतता. मग म्हणे, “मॅडम, वॉरंटी संपलीये, एक्स्चेंज ऑफर आहे.” दुरुस्ती? “दुरुस्ती होत नाही मॅडम.” का होत नाही? तर त्याचं उत्तर त्याच्यासमोरच्या कागदावर नाही. त्या पोराचा काय दोष, त्याला हेच पढवलंय.

क्षाराचा भाग खरा आहे, नाकारत नाही. आमच्याकडे बोअर आणि टँकरचं पाणी, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तर या एवढ्याशा झडपांचं काय होत असेल! पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे असा थर धरणाऱ्या क्षारांची, मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे इथलं पाणी कसं असू शकतं हे सरकारी कागदावर लिहिलेलं आहे. माल इथे विकायचा तर इथल्या पाण्याचा विचार नको करायला? उलट क्षार काढायची इवलीशी बाटली अव्वाच्या सव्वा भावाने गळ्यात मारतात. वाण्याकडचं लिंबूसत्व, ढोकळ्यात घालतो तेच, लिटरभर पाण्यात दोन चमचे, आणि नंतर दोन-तीन टाक्या साधं पाणी सोडायचं. माझं काम त्यावर भागतं.

मशीन चालू कुणी केलं? आमच्या कोपऱ्यावरच्या मिक्सर दुरुस्तीवाल्या काकांनी. आवाज ऐकला आणि म्हणाले, “ताई, मोटार ठीक आहे, एअर धरलाय.” केमिस्टकडून सुई नसलेली सिरिंज आणायला लावली. टाकी काढली की ती जिथे बसते तिथे पाणी आत शिरायचं बारीक भोक दिसतं. त्याला सिरिंजचं टोक घट्ट लावलं, कॅप्सूल न घालता बटण दाबलं आणि हळूहळू पाणी आत ढकललं. खडखड सुरू, सुरूच, आणि मग एकदम आवाज जड झाला. तोटीतून आधी फुसफुस करत वाफ, मग गरम पाण्याची धार. (हात लांब ठेवा, चटका बसतो.) टाकीच्या बुडाची स्प्रिंगवाली झडपही त्यांनी बोटाने दाबून बघितली, तीही क्षाराने चिकटत होती.

आतून साफ करायला ते मशीन उघडणार होते, तर स्क्रू अंडाकृती डोक्याचे! काकांच्या अख्ख्या पेटीत त्याला बसेल असा पाना नाही. माणसाने उघडूच नये म्हणून मुद्दाम असे स्क्रू लावायचे, हा कुठला न्याय? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं, म्हणजे दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती देणारं, पोर्टल सुरू केलं, त्यात घरगुती उपकरणंही आहेत. मग माझ्या मशीनच्या पंपाची, झडपेची, साध्या रबरी वॉशरची किंमत मला कुठेच का सापडत नाही?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवली आहे. एक्स्चेंज ऑफर नकोय मला. सुट्या भागांचे भाव द्या, साधे स्क्रू लावा, आणि पुस्तिकेत हवा काढायचं एक पान छापा, मराठीत.